पहिली पात कोणाची

अन्याय माझ्या मोठ्या मायवर झाला. मोठी माय म्हणजे माझ्या थोरल्या काकाची बायको. पोळा झाल्यावर जो पहिला सोमवार आला त्या दिवशी, दुपारची भाकर सोडायच्या जरा आधी, सरकारी फार्मच्या कपाशीत तिला सांगण्यात आलं की उद्यापासून तू येऊ नको. सांगणारे फार्मचे साहेब होते. ऐकायला टोळीतल्या सगळ्या बाया होत्या. आणि मीही होतो, हातात इळा धरून, माझ्या पातीच्या निम्म्यातसुद्धा न पोचलेला.

हे आधीच लिहून टाकतो, कारण पत्रक लिहायला ज्यांनी शिकवलं त्यांनी तसंच शिकवलं आहे. पहिल्या ओळीत अन्याय कोणावर आणि कधी झाला ते सांग, शेवटच्या ओळीत मागणी कर. मधल्या ओळींत काय घालायचं ते त्यांनी फारसं सांगितलं नव्हतं. इथे मधल्या ओळींत मी स्वतःच येतो, ही अडचण आहे.

आमचं गाव रोहिणखेडहून पायी तासाभरावर. गावाला लागूनच बियाण्याचा सरकारी फार्म. फार्मवर निंदणाला, वेचणीला ज्या बाया जात त्यांची मुकादमीण मोठी माय. निंदणाची रीत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाया धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या कडेला, ओळीनं बसतात. कपाशीच्या दोन ओळींमधला जो पट्टा जिच्या वाट्याला येतो ती तिची पात. बसल्या बसल्या तण काढत दुसऱ्या धुऱ्यापर्यंत सरकायचं. पहिली पात मुकादमणीची. तिच्या पुढे कोणी जायचं नाही. ती पळाली तर सगळ्यांना पळावं लागतं. ती रेंगाळली तर मालक ओरडतो, आणि तो ओरडा तिनं एकटीनं खायचा.

पण स्वतःची पात संपली म्हणून मुकादमीण धुऱ्यावर बसून तंबाखू मळत नाही. जी सगळ्यांत मागे राहिली असेल तिच्या पातीला ती उलट्या टोकानं लागते आणि तण काढत काढत तिच्या समोर येते. मग दुसरी मोकळी होते, ती आणखी कोणाच्या तरी समोर येते. शेवटी सगळ्या पाती एकदमच संपतात आणि सगळ्या बाया एकदमच उठतात. बाया त्याला ‘सामोरं येणं’ म्हणतात. त्याचं कोणाला विशेष वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. मी लहानपणापासून ते पाहत होतो आणि मला ते दिसलेलं नव्हतं.

टोळीत एक म्हातारी होती. गुडघे गेलेली, घरात दुसरं कोणी नाही. तिला एकटीला कोणत्याच वावरात कोणी बोलावलं नसतं. मोठ्या मायच्या टोळीत ती निभून जायची, कारण तिची अर्धी पात रोज समोरून निघत यायची. आणि फार्म गावाला लागून असल्यामुळे त्या गुडघ्यांना तेवढंच झेपायचं.

मोठी माय साधीभोळी होती असं कोणी समजू नका. पहाटे दारोदार हाक मारत फिरायची तेव्हा हाकेआधी शिवी यायची. जिच्याशी भांडण झालं असेल तिला नेमकी हराळी माजलेली पात द्यायची, आणि वर तोंड करून म्हणायची, “काय करू माय, तुह्या नशिबाले आली.”

मी तेव्हा खामगावला शिकत होतो. म्हणजे नाव कॉलेजात होतं आणि मी भिंती रंगवत हिंडत होतो. आमच्या मंडळात मी कडक लिहिणारा म्हणून प्रसिद्ध होतो. कडक म्हणजे काय, तर माझ्या वाक्यात क्रियापद येईपर्यंत दोन-तीन जण गाडले गेलेले असायचे. त्या पावसाळ्यात कॉलेज बुडवून गावी आलो आणि आल्या आल्या ‘मुकादमशाही गाडा’ नावाचं पत्रक लिहिलं. मलकापूरच्या छापखान्यात छापलं. छापखानेवाल्याकडे टुरिंग टॉकीजच्या जाहिरातीचा गुलाबी कागद उरला होता, त्यानं तोच वापरला. त्यामुळे पत्रक वाटताना अर्ध्या गावानं मला विचारलं, कोणता खेळ आला आणि तंबू कुठे लागला.

त्या पत्रकात मी मुकादम या शब्दाची फोड केली होती. ती माझी स्वतःची होती आणि मला तिचा फार अभिमान होता. मुकादम म्हणजे मुक्यांना दम देणारा. मुका अधिक दम. खामगावच्या चहाच्या टपरीवर ती ऐकून तिघांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

संध्याकाळी मोठी माय ओट्यावर बसली होती. टोळीतल्या दोघी-तिघी शेंगा फोडत होत्या. तिनं पत्रक पुढे केलं.

“वाच बरं. मले अक्षर येत नाही, कान हायेत.”

मी वाचलं. सभेत वाचतात तसं वाचलं.

“हे कोनाबद्दल हाय?”

“शोषकांबद्दल.”

“मंग मी कोन?”

इथे मला पहिल्यांदा आठवलं की आमच्या घरातच एक मुकादमीण आहे. हे वाचून तुम्हाला हसू येत असेल तर हसा. मी पत्रक लिहिताना मोठ्या मायच्याच हातची भाकर खात होतो.

“तू वेगळी,” मी म्हणालो.

“काऊन? मी दम देत नाही काय?”

“देते वो,” शेंगा फोडणारी म्हणाली. “मले परवाच देल्ला.”

“अन् मुकी कोन हाय आपल्यात?” दुसरी म्हणाली. “हे सारजाची सून तं झोपीतबी बोलते.”

“मुक्या बायाईची टोळी भेटली तं सांगजो बाबू,” मोठी माय म्हणाली. “मी आजच जातो तिकडं.”

आमच्याकडे बायाही ‘जातो’च म्हणतात. पुण्याच्या एका पाहुण्यानं यावर हसून दाखवलं होतं, तेव्हा मी त्याच्याशी भांडलो होतो. माझी भांडणं नेहमी अशीच, ज्यांनी मागितली नाहीत त्यांच्यासाठी.

त्याच आठवड्यात फार्मवरचं मुकादमाचं काम बंद झालं. राज्य नवं होतं, राज्याची कागदावरची मराठीही नवी होती. वरून आदेश आला की यापुढे मजुरांवर पर्यवेक्षक राहील, आणि तो मॅट्रिक पास पाहिजे. मोठी माय साध्या मजुरांत गेली. तालुक्याच्या गावच्या एका कारकुनाचा मुलगा पर्यवेक्षक म्हणून आला. इस्त्रीची पँट, खिशात पेन, आणि बायांशी बोलताना नजर जमिनीवर. त्याला घडीची खुर्ची देण्यात आली. ती त्यानं लिंबाखाली मांडली. पर्यवेक्षक हा शब्द म्हणायच्या फंदात बाया पडल्या नाहीत. त्या त्याला खुर्चीवाले भाऊ म्हणायला लागल्या.

मी तडक फार्मच्या ऑफिसात गेलो. निषेध करायचा की अभिनंदन करायचं, हे मला वाटेत ठरवता आलं नाही. साहेब सभ्य माणूस. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला.

“तुमचं पत्रक वाचलं. आमचंही मत तेच. मुकादमी जुनाट होती. काढून टाकली.”

माझ्या आयुष्यात मान्य झालेली ती पहिली मागणी.

“माझ्या पत्रकामुळे काढली?” मी विचारलं.

“छे छे. आदेश आधीच आला होता.”

म्हणजे तेवढंही नाही. चहा मात्र पूर्ण प्यालो.

आता पत्रकवाल्या माणसाला असं काही झालं की तो काय करतो? दुसरं पत्रक लिहितो. पण यावेळी शब्दाची फोड पक्की हवी, असं मी ठरवलं. आधी शाळेतल्या संस्कृतच्या गुरुजींकडे गेलो. त्यांनी पर्यवेक्षक सोडवून दाखवला. परि म्हणजे सगळ्या बाजूंनी, अवेक्षण म्हणजे लक्ष देऊन पाहणं. “म्हणजे सगळीकडून पाहणारा,” गुरुजी म्हणाले. “आणि काम?” मी विचारलं. “कामाचा धातू यात नाही,” ते म्हणाले आणि दार लावून घेतलं, कारण त्यांचं पारायण चालू होतं.

मग मुकादमासाठी रोहिणखेडला गेलो. तिथल्या जुन्या मशिदीजवळ उर्दू शाळेतले एक रिटायर मास्तर राहत. त्यांना आधी मी माझी फोड ऐकवली, मुका आणि दम. ते हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

“बेटा, ये किसने बताया?”

“मीच शोधून काढलं.”

“ढूंढते रहो,” ते म्हणाले. मग माझी दया आली असावी. “अरबी लफ़्ज़ है. मुक़द्दम. जिसको आगे रखा गया. क़दम बोलते ना, पाँव? उसी घर का है.”

“आगे किसने रखा?” मी विचारलं. प्रश्न विचारायची सवय, एवढंच.

“ये लफ़्ज़ नहीं बताता,” ते म्हणाले. “ये अपने गाँव में पूछो.”

परतीच्या वाटेवर मी जे काही बोलत चाललो होतो ते ऐकून दोन गुराख्यांनी गुरं बाजूला घेतली. पुढे ठेवलेला. मुकादम म्हणजे पुढे ठेवलेला माणूस. आणि फार्मवर जो बसवला तो मागे, लिंबाखाली, खुर्चीत. माझं दुसरं पत्रक वाटेतच तयार झालं. घरी येऊन मोठ्या मायला ते तोंडीच म्हणून दाखवलं.

“तुले पुढं कोनी ठेवलं होतं?” मी शेवटी विचारलं.

“बायाईनं. आनखी कोन ठेवीन?” ती म्हणाली. “पयल्या मुकादमणीच्यानं चालनं झालं नाही, तं म्हने तू बस पुढं. बसलो.”

“हेच तर मी लिहितो आहे.”

“लेह्य ना मंग. पन पात धरून पाह्यली काय तू कवा?”

शेंगा फोडणाऱ्या पुन्हा तिथंच होत्या. त्या नेहमी तिथंच असत. त्यांच्यादेखत मी सांगितलं की सोमवारी मी निंदणाला येईन.

फार्मवर नवा नियम झाला होता. ज्याची पात त्यानंच काढायची, दुसऱ्याच्या पातीला हात लावायचा नाही. दुपारच्या सुट्टीपर्यंत जिची पात राहील तिला पुन्हा बोलवायचं नाही. नियम ऐकायला मला तरी न्यायाचा वाटला. मी असाच एखादा मागितला असता. आणि पाती आता जी जशी येईल तशी पर्यवेक्षक वाटून देई, पहिली पात कोणा एकीची राहिली नव्हती.

पण मोठी माय कुठल्याही पातीवर बसली तरी पहिली संपायची. संपली की ती काही न बोलता म्हातारीच्या पातीला दुसऱ्या टोकानं लागायची. आणि ती लागली की खुर्चीवाले भाऊ खुर्ची उचलून लिंबाच्या खोडाकडे तोंड करून बसायचे आणि पेपर उघडायचे. हे रोज व्हायचं. कोणी कोणाला काही म्हणायचं नाही. पर्यवेक्षकानं न पाहण्याचं ठरवलं होतं आणि बायांनी ते न पाहणं पाहिलं होतं.

सोमवारी मला म्हातारीच्या शेजारची पात मिळाली. मी धोतर खोचलं आणि सुरुवात केली.

“भाऊ, थे पऱ्हाटी हाय,” मी कपाशीच्याच झाडाला हात घातला तेव्हा डावीकडून आवाज आला. “तन तिच्या बाजूले हाय.”

“काहाडू दे वो. सरकारची हाय, त्याले सरकारशी लढा लागते.”

“इळा असा धरते काय? पेन हाय काय थे?”

थोड्या वेळानं आवाज लांब गेले. बाया पुढे निघून गेल्या होत्या. मान वर करून पाहिलं तर गुडघे गेलेली म्हातारीसुद्धा माझ्या पुढे होती आणि मागे वळून म्हणत होती, “ये ना बाबू, ये, घाई नाही.” मला तिच्या त्या वळून पाहण्याचा अर्थ कळेना. नंतर कळला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मागे कोणीतरी होतं.

मोठी माय दुसऱ्या धुऱ्यावर उठली. कमरेवर हात ठेवून तिनं वावर पाहिलं. आधी म्हातारीची पात समोरून उरकली. म्हातारी सुटली. मग मोठी माय माझ्या पातीवर बसली आणि इळा चालवत माझ्या दिशेनं यायला लागली. खुर्चीवाले भाऊ आधीच खोडाकडे तोंड करून पेपर उघडून बसले होते.

तेवढ्यात साहेबांची फटफटी गाडरस्त्यानं आली आणि धुऱ्याजवळ थांबली. इथपर्यंतसुद्धा काही बिघडलं नव्हतं. साहेबांना काय दिसलं असेल? कपाशीत बसलेल्या बाया. कोण कोणाच्या पातीवर आहे हे तिथून त्यांना सात जन्मात कळलं नसतं. ते खिशातून रुमाल काढून तोंड पुसत होते. पुसून निघून गेले असते.

पण मी उभा राहिलो.

मला वाटलं, हीच वेळ. समोर पुरावा आहे, समोर अधिकारी आहे. मी इळा उंच धरला आणि भाषण केलं. खामगावच्या चौकात करतो तसं, खड्या आवाजात. म्हणालो, साहेब, पाहा, याला मुकादम म्हणतात. अरबीत याचा अर्थ पुढे ठेवलेला. ही बाई पुढे जाते आणि मागच्यासाठी परत येते. तुमच्या नियमानं हिला बंदी आहे, तरी ती हे रोज करते. या म्हातारीची अर्धी पात रोज हीच काढते. तुमच्या माणसाला ते माहीत आहे, म्हणून तो रोज खुर्ची फिरवून पेपर वाचतो. सांगा, खरा पर्यवेक्षक कोण?

मुद्देसूद बोललो. एकही मुद्दा सुटला नाही. कोणत्याही फौजदाराला इतका चांगला जबाब मिळाला नसेल.

खुर्चीवाल्या भाऊंनी पेपरची घडी घातली. त्यांचे कान मागून लाल दिसत होते.

“हे रोज होतं?” साहेबांनी त्यांना विचारलं. भाऊ लिंबाकडे पाहत राहिले.

“बाई, नियम माहीत आहे ना?”

“हाव,” मोठी माय म्हणाली.

“मग?”

“पोरगं मांगं राह्यलं होतं साहेब.”

साहेबांना आता काहीतरी करणं भाग होतं. सगळ्यांदेखत सांगितल्यावर सभ्य माणसालासुद्धा नियम पाळावा लागतो. त्यांनी मोठ्या मायला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. म्हातारीलाही तेच सांगितलं. मला काही सांगितलं नाही. मी मजूर नव्हतोच.

घरी येताना मी मोठ्या मायच्या मागे चालत होतो. हाताला फोड आले होते.

“मी लढीन,” मी म्हणालो. “मी हे प्रकरण लावून धरीन.”

“लढजो,” ती म्हणाली. “पयले तोंड बंद करून पाह्य.” मग पाठमोरीच: “इतके दिस थो बिचारा झाडाकडं तोंड करून बसे. तुलेच दिसलं बे सारं?”

मोठ्या मायचं फार अडलं नाही. टोळीतल्या निम्म्या बाया घेऊन ती आता लांबच्या वावरांत जाते आणि तिथं पहिली पात तिचीच असते. अडलं म्हातारीचं. तेवढं लांब तिचे गुडघे नेत नाहीत, आणि जवळच्या फार्मवर तिला बंदी. ती आता दारात बसून असते. मी समोरून गेलो की म्हणते, “ये बाबू, बस.” तिनं मला शिवी दिली असती तर मी तिथं बसू शकलो असतो.

पंधरवड्यानं खुर्चीवाले भाऊ आमच्या ओट्यावर आले. पाणी प्याले. म्हणाले, “काकू, पाती संपतच नाहीत. पुढच्या पुढे जाऊन बसतात, मागच्या मागेच राहतात. मी तिकडून ओरडतो, माझा आवाजही कोणाला ऐकू जात नाही.”

“खुर्ची सोडा,” मोठी माय म्हणाली. “पयल्या पातीले बसा.”

“साहेब ओरडतील.”

“वरडू द्या. मुकादमाले वरडा खावाच लागते.”

ते बसले म्हणे. इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पहिल्या पातीवर. बायांनी त्यांचे इतके हाल केले की त्याचं वेगळं पत्रक होईल. पण त्यांची पात लवकर संपेना म्हणून शेवटी फार्मवर राहिलेल्या बायांतलीच एक त्यांच्या समोर आली. साहेबांना ते दिसलं की नाही, माहीत नाही. म्हातारीवरची बंदी मात्र कायम आहे, कारण ती सगळ्यांदेखत सांगितलेली आहे आणि ती उठवायची तर कोणीतरी सगळ्यांदेखत विचारायला हवं.

मी विचारू शकत नाही. मी चार वेळा गेलो. गेटवरचा चौकीदार आता मी वळणावर दिसलो की साहेब नाहीत असं ओरडतो. शिवाय मोठ्या मायनं मला या बाबतीत बोलायची मनाई केली आहे. “लेहायचं तं लेह्य,” ती म्हणाली, “बोलू नको.” म्हणून हे लिहिलं.

तेव्हा मागणी तुमच्याकडे आहे. तुम्हाला तिथं कोणी ओळखत नाही, हीच तुमची लायकी. मलकापूर-बुलढाणा रस्त्यानं कधी जात असाल तर मोताळ्याला उतरा, तिथून रोहिणखेडची वाट विचारा आणि आमच्या फार्मच्या गेटवर या. शब्दाचा अर्थ सांगू नका. इळा उंच धरू नका. भाषण तर मुळीच करू नका. साहेब बाहेर आले की साध्या आवाजात दोन गोष्टी विचारा: पहिली पात कोणाची, आणि शेवटच्या पातीवरची म्हातारी कुठे गेली. उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.